छातीचं झाकण

आमच्या गावात अख्खा माणूस कधी बनत नसे. पाय बनत, हात बनत, डोळ्यांच्या जोड्या बनत, स्तन, कान, गळे बनत. ज्याचं जे दुखलं ते बरं झालं की त्याने तेवढंच मेणात करून संताच्या पायाशी ठेवायचं, असा नवस. लोक डोंगरापलीकडून यायचे, दारात उभं राहून म्हणायचे, "पाय द्या, डावा." आम्ही फडताळातून डावा पाय काढून द्यायचो. टांगण्यासाठी वर लाल फीत बांधलेली असायची. संत ब्राझ गळ्याचा संत, त्याच्या जत्रेला तर आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसे, जिकडे बघावं तिकडे गळे.

माझे वडील झेफेरिनो, त्यांचे वडील, त्यांचेही वडील, सगळ्यांनी हेच केलं. साचे नाशपातीच्या लाकडाचे, हाताळून हाताळून काळे पडलेले. आणि एक लोखंडी ठसा, त्यावर मधमाशी. वस्तू तयार झाली की ठसा निखाऱ्यावर जरा तापवायचा आणि कापलेल्या बाजूला मारायचा, म्हणजे मांडी जिथे संपते तिथे, नाहीतर हात जिथे खांद्यापासून सुटतो तिथे. माशी दिसली की लोक समजत, हे झेफेरिनोच्या घरचं मेण, यात चरबीची भेसळ नाही.

मेण वितळवायचं, फडक्यातून गाळायचं, ओतायचं, कडा तासायच्या, हे सगळं मी आठ-नऊ वर्षांची असल्यापासून करत होते. ठसा मात्र पुरुषाने मारायचा. बाबांना मुलगा नव्हता. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि माझा चुलतभाऊ अदेलिनो, ज्याचं शेजारच्या गावात स्वतःचं मेणाचं दुकान होतं, तो दर रविवारी काकांची विचारपूस करायला यायचा. विचारपूस काकांची, नजर खुंटीवरच्या ठशावर.

त्या शरदात चेस्टनट भरपूर पडले होते. आम्ही चुलीपुढे बसून ते भाजत होतो. अदेलिनोही होता. तेवढ्यात दारात एक बाई आली, शहरी कोट, चिखलाने माखलेले बूट. एउलालियाबाई. शहरात परिचारिकांची नवी शाळा निघाली होती, तिथे त्या शरीर शिकवायच्या.

"काका, मला माणूस हवाय," त्या म्हणाल्या.

"कुठला भाग?" बाबांनी विचारलं.

"सगळा."

बाबा हसले. "सगळाच दुखत होता की काय?"

"बाहेरून सगळा आणि आतूनही सगळा. छाती-पोटाचं झाकण उघडलं की आतलं दिसायला हवं. एकेक भाग हातात घेता यायला हवा. परत ठेवला की झाकण नीट बसायला हवं. माझ्या मुली खेड्यातून येतात, काका. त्यांनी कोंबडीच्या पलीकडे आतलं काही बघितलेलं नाही. वरची मंडळी प्लॅस्टरचा माणूस जर्मनीहून मागवायला निघाली होती. मी म्हटलं, ज्या डोंगरात शंभर वर्षं लोक हातपाय घडवतायत, तिथे आधी विचारू. संत ब्राझच्या जत्रेपर्यंत मला वेळ दिलाय."

"आमचं मेण संताच्या पायाशी जातं," बाबा म्हणाले. "शाळेच्या फळ्याशी नाही."

"मी करते," मी म्हटलं.

अदेलिनोच्या घशात चेस्टनट अडकला. "तू? अगं, साच्यातून काढायचा पाय नव्हे तो."

"तुझ्या दुकानातल्या पायांना घोटा तरी असतो का रे?"

"ए, भांडू नका," बाबा म्हणाले. मग ते चेस्टनट सोलत बसले. साली चुलीत टाकत राहिले. शेवटी म्हणाले, "फेलिस्मिना, तुला ठसा हवाय, मला माहितीये. मी आंधळा होतोय, पण इतका नाही. तर ऐक. त्या माणसाचं झाकण बंद करून दाखव. बंद झालं तर ठसा तुझा. नाही झालं तर संत ब्राझच्या दिवशी ठसा आणि साचे अदेलिनो घेऊन जाईल. कुणाच्या तरी हातात दिल्याशिवाय मला डोळे मिटायचे नाहीत."

"ठरलं," अदेलिनो म्हणाला. इतक्या चटकन, की बाईसुद्धा त्याच्याकडे वळून बघू लागल्या.

बाईंनी मला एक मोठं रंगीत चित्र दिलं. छाती-पोट उघडा माणूस, प्रत्येक भागाला रेघ आणि रेघेच्या टोकाला नाव. मला नावं वाचता येत नव्हती. (राज्य बदललं, गावात प्रौढांचे वर्ग निघाले, तेव्हा कुठे मी अक्षरं शिकले. आणि पहिल्यांदा काय वाचलं, तर ते चित्र.) पण आकार मला दिसत होते, आणि आकार म्हटला की माझे हात थांबत नसत.

सुताराकडून आतला लाकडी सांगाडा करून घेतला. धड, डोकं आणि झाकण हातानेच घडवलं, हातपाय आमच्याच साच्यांतून ओतले. ते जोडल्यावर कळलं, उजवा हात कुणा लोहाराचा होता आणि डावा कुणा शिंप्याचा. एक साचा पणजोबांचा, दुसरा आजोबांचा. नवसाला कधी कुणी दोन्ही हात बरोबर नेले नव्हते, मग ते एकमेकांशी जुळतात की नाही हे कोण बघणार? लोहाराचा हात तासून तासून बारीक केला.

मग आतले भाग. हृदय मी आमच्या पद्धतीने केलं. नवसाच्या हृदयावर असते ती ज्योत तेवढी लावली नाही, बाकी तसंच, पावाएवढं, भरदार. आमच्याकडे तशीच रीत. देवळात उंचावर टांगलेलं हृदय लांबून दिसलं पाहिजे, संतालाही आणि शेजारणीलाही. जठर तसंच केलं, फुप्फुसं तशीच, मूत्रपिंडंसुद्धा लहान भोपळ्याएवढी. एकेक भाग मी फळीवर मांडत गेले आणि मला वाटलं, असं काम या घरात आजवर झालेलं नाही.

सगळं आत ठेवलं. झाकण लावलं. झाकण वीतभर वर राहिलं.

काढलं, उलटसुलट करून पुन्हा ठेवलं. तरीही झाकण वरच. आता तर एक मूत्रपिंड बाहेरच उरलं होतं.

रविवारी अदेलिनो आला. त्याने माणसाभोवती एक फेरी मारली, टोपी काढली आणि त्याला नमस्कार केला. "काय हो पाहुणे, जेवण जरा जास्त झालं वाटतं? की सदराच आखूड पडला?"

बाबा कढईतलं मेण ढवळत राहिले. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

बाई पुढच्या आठवड्यात आल्या. मी झाकण उघडून दाखवलं, मान खाली घालून. त्या हसल्या नाहीत. प्रत्येक भाग हातात घेऊन त्यांनी उजेडाकडे धरला. "सुंदर आहे," म्हणाल्या. मग आमच्या फडताळातला मधाच्या पोळ्याचा एक तुकडा उचलून त्यांनी माझ्यापुढे धरला.

"हे बघ, फेलिस्मिना. यात एकेक खण आहे ना? आपल्या अंगातही असेच खण असतात, डोळ्याला न दिसणारे. पेशी म्हणतात त्यांना. एका जातीच्या पेशी एकत्र आल्या की त्यांचा थर होतो, ऊती. वेगवेगळ्या ऊती मिळून एक अवयव. जठर, फुप्फुस, हृदय. मग हे अवयव आपापली टोळी करून काम करतात. एक टोळी श्वास घेते, एक अन्न पचवते, एक रक्त फिरवते. आणि त्या सगळ्या टोळ्या एकमेकींना धरून राहिल्या की त्याला म्हणायचं माणूस."

"म्हणजे पोळं," कोपऱ्यातून बाबा म्हणाले.

"बरोबर, काका. पोळंच."

"एकट्या माशीने मध होत नाही," बाबा पुटपुटले.

"तू प्रत्येक अवयव असा वाढवलास," बाई मला म्हणाल्या, "जणू तो आईबापाचा एकुलता एक आहे. आत तर सगळी भावंडं आहेत. दाटीवाटीने राहणारी."

मी आकार कमी केले. चित्रावर दोरा ठेवून मोजत गेले. आता सगळे भाग आत मावले, पण खडखडत होते. हलवलं की हृदय घरंगळत खाली यायचं, यकृत तिरकं व्हायचं, आणि झाकण एका बाजूला बसलं की दुसऱ्या बाजूला उचलायचं. मावणं वेगळं आणि बसणं वेगळं. इतकं मला कळलं, पण पुढे काय करायचं ते कळेना.

नाताळ गेला. थंडी कडाक्याची पडली आणि ग्रासिंदा आत्याच्या घरी डुक्कर कापायचा दिवस आला. आत्या म्हणजे बाबांची बहीण. आमच्या भागातली निम्मी डुकरं तिच्या हाताखालून गेलेली. पुरुष मारतात, पेंढ्याने भाजून खरवडतात, पण पोट उघडायचं आत्यानेच. मग आतडी टोपलीत घालून आम्ही बायका ती नदीवर धुवायला नेतो. मी लहानपणापासून ती टोपली उचलत आले होते. टोपली भरण्याआधी आतलं कसं असतं ते मात्र मी कधी बघितलं नव्हतं. बघितलं असेल, लक्ष दिलं नव्हतं.

त्या दिवशी मी टोपली खाली ठेवली. "आत्या, हळू काढ ना. एकेक."

"का गं? डुकराला काही विचारायचंय का?"

"हो. कोण कुठे राहतं ते."

सगळे हसले. पण आत्याने हळू काढलं. आधी आतड्यांची गुंडाळी, मग जठर, त्याला लागून असलेली पाणथरी, म्हणजे प्लीहा, मग यकृत. सगळ्यात शेवटी, पाठीला चिकटलेली, चरबीत लपेटलेली मूत्रपिंडं. श्वासपटलाच्या वर फुप्फुसं आणि त्यांच्या मधोमध हृदय. मी यकृत हातात घेतलं, अजून कोमट होतं. ते उलटं केलं, आणि माझे हात थबकले. खालच्या बाजूला खोलगट जागा होती. मी मूत्रपिंड उचलून त्यात धरलं. अगदी चपखल बसलं. दुसऱ्या बाजूला उथळ, पसरट जागा, तिथे जठर टेकलेलं असणार. फुप्फुसाच्या आतल्या अंगाला खळगा, हृदयाच्या मापाचा.

ते साचे होते. प्रत्येक अवयव शेजाऱ्याचा साचा होता. आम्ही आयुष्यभर साच्यातून अवयव काढत आलो, आणि इथे अवयवच एकमेकांना घडवत बसले होते.

"आत्या, थांब," मी म्हटलं आणि सगळं परत आत ठेवायला सुरुवात केली. जे शेवटी निघालं ते आधी.

"बघा बघा! फेलिस्मिना डुक्कर परत शिवतेय!" कुणीतरी ओरडलं. अंगणातले सगळे भोवती लोटले. कुणी म्हणालं, आता ते उठून चालू लागेल. एका म्हाताऱ्याने वाइनचा वाडगा डुकराच्या तोंडाला लावला. आत्या मात्र कमरेवर हात ठेवून बघत राहिली. सगळं बसल्यावर तिने पोटाच्या दोन्ही कडा ओढून जुळवल्या. जुळल्या.

"मेले, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नाही," ती म्हणाली. "आता काढ बाहेर, सॉसेज करायचीयेत."

घरी येऊन मी आतले सगळे भाग पुन्हा वितळवले. बाबांनी कढईचा आवाज ऐकला. "सगळेच?" त्यांनी विचारलं. "सगळे," मी म्हटलं. त्यांनी उठून चुलीत लाकूड सारलं.

या वेळी मी एकही भाग फळीवर केला नाही. आधी मूत्रपिंडं पाठीच्या भिंतीला लावली. चित्रात उजवं जरा खाली होतं. आधी मला ती छापणाऱ्याची चूक वाटली होती. आता कळलं, वरून यकृत दाबतंय म्हणून ते खाली सरकलंय. त्यांच्यावर साबणाचं पाणी फिरवलं, म्हणजे मेण मेणाला चिकटणार नाही, आणि यकृत अर्धवट मऊ असतानाच वर बसवलं. त्याने मूत्रपिंडाचा ठसा उचलला. यकृताने जठराला वाकवलं, जठराने पाणथरीला रेटलं. उजव्या फुप्फुसाचे तीन भाग, डाव्याचे दोनच, कारण डाव्याने हृदयाला जागा करून दिलेली. कुणी दबला नव्हता, कुणी मोकळा सुटलाही नव्हता. मी हलवून बघितलं. खडखड नाही.

झाकण लावलं. खालून पोट बसलं, कडा बसल्या. आणि छातीपाशी, मधोमध, झाकण बोटभर वर. दाबलं की बसायचं, सोडलं की उचलायचं.

जत्रा तोंडावर आली होती. गळ्यांची मागणी वाढली होती, दारात माणसं ताटकळत होती आणि मी त्या बोटभर फटीकडे बघत बसले होते. एउलालियाबाई आल्या त्या शेवटचं बघायला. मी झाकण उघडलं. त्यांनी आत वाकून बघितलं, यकृत उचललं, उलटं केलं, त्यावरच्या खळग्यांवरून बोट फिरवलं. त्यांचे डोळे पाणावले का काय, मला नीट दिसलं नाही, कारण त्या लगेच हसायला लागल्या.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"हे हृदय कुठे बघून ठेवलंस?"

"डुकराचं बघून."

"तरीच. अगं, डुक्कर चार पायांवर चालतं. त्याचं हृदय पुढे, छातीच्या हाडावर येऊन टेकतं. उभी राहा बघू."

मी उभी राहिले.

"हात ठेव. इथे नाही, खाली. डाव्या स्तनाच्या खाली. लागतंय?"

लागत होतं. मला वाटायचं त्यापेक्षा बरंच खाली, आडवं झुकून, टोकाने ठोके देत होतं. मी आयुष्यात हजार हृदयं ओतली होती आणि माझं स्वतःचं कुठे आहे ते असं कधी हाताने शोधलं नव्हतं.

"माणूस उठून उभा राहिला ना," बाई म्हणाल्या, "तेव्हा हृदय श्वासपटलावर येऊन बसलं. बसलं आणि डावीकडे कललं. तू श्वास घेतेस तेव्हा ते तुझ्याबरोबर खाली-वर होतं. चार पायांच्या जनावराला ही बैठक नाही."

कोपऱ्यात बाबाही उभे राहिले होते. काठी सोडून. एक हात छातीवर ठेवून. "खरंच की," ते म्हणाले. "टेकलंय."

मी हृदय मागे घेतलं, खाली बसवलं, डावीकडे कलू दिलं. फुप्फुसाची कड पुन्हा गरम करून त्याच्याभोवती वळवली. झाकण मी लावलं नाही. आधी बाबांनी लावायचं, असं मनाशी ठरवलं होतं.

संत ब्राझच्या दिवशी सकाळी आत्या आली, अदेलिनो आला. त्याने साचे न्यायला रिकामी हातगाडी आणली होती. बाई शाळेच्या बैलगाडीबरोबर आल्या. बाबा माणसापुढे उभे राहिले. डोळ्यांचा आता उपयोग नव्हता, त्यांनी हात पुढे केले. एकेक भाग काढला, बोटांनी चाचपला आणि आत्याच्या ओच्यात दिला.

"हे यकृत. हा खळगा मूत्रपिंडाचा. होय ना?"

"हो, बाबा."

"आणि हे फुप्फुस. इथे हृदयाला जागा दिलीये." मग हृदय हातात घेऊन ते थांबले. "छोटंसं आहे गं. मुठीएवढं."

"एवढंच असतं, काका," बाई म्हणाल्या.

"काका, वेळ जातोय," अदेलिनो म्हणाला. "जत्रेला उशीर होईल."

"तुझ्या गळ्यांची चिंता संत करेल. गप उभा राहा."

बाबांनी सगळं परत ठेवलं. न विचारता, मूत्रपिंडापासून सुरुवात करून. एकदा पाणथरी चुकली, त्यांनीच ओळखलं आणि नीट केली. मग झाकण दोन्ही हातांनी धरून वरून खाली आणलं.

टक्.

त्यांनी हात काढून घेतले. झाकण हललं नाही. त्यांनी कडांवरून अंगठा फिरवला, पूर्ण फेरी मारली. कुठेही फट नव्हती. आत्या मोठ्याने श्वास सोडत खाली बसली.

बाबांनी खुंटीवरून ठसा काढला. निखाऱ्यावर धरला. मग दुसऱ्या हाताने ते माणूस चाचपू लागले. खांदा चाचपला, हात पुढे गेला. मान चाचपली, वर डोकं होतं. मांडी, खाली गुडघा, खाली पाय. तळहात, बोटं. ते पुन्हा खांद्यापाशी आले.

"ठसा मारायचा कुठे?" ते म्हणाले. "याला कापलेली बाजूच नाही."

मग बाबा हसायला लागले, असे हसले की आत्याने त्यांचा दंड धरला. "ऐकलंस का ग्रासिंदा? आपल्या घरात चार पिढ्या काम झालं, आणि याला कापलेली बाजूच नाही!" आणि त्यांनी ठशाची मूठ माझ्याकडे केली. "तुझा ठसा. तू ठरव."

मूठ गरम होती. मी झाकण उघडलं आणि आतल्या बाजूला, छातीच्या मधोमध, माशी उमटवली.

"आत?" अदेलिनो म्हणाला. "तिथे कोण बघणार?"

"जी उघडेल ती."

हातगाडी वळवायला त्याला जरा वेळ लागला. पण जाता जाता दारात थांबून त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "घोट्याचं कसं करतेस ते सांगशील का कधी?"

"रविवारी ये," मी म्हटलं.

आम्ही माणसाला बैलगाडीत उभं केलं, पेंढ्यात पाय रोवून, दोरीने बांधून. रस्ता देवळाकडे जाणाऱ्या लोकांनी भरलेला होता. प्रत्येकाच्या हातात मेणाचा गळा, कुणाच्या हातात पाय, कुणाच्या कान. आम्हीच तेवढे उलट्या दिशेने, शहराकडे निघालेलो. लोक बाजूला होऊन वाट देत होते. काहींनी टोप्या काढल्या. एका म्हातारीने गाडीसमोर क्रूसाची खूण केली आणि बाबांना विचारलं, "कुणाचा नवस हो हा? एवढं काय काय बरं झालं त्याचं?"

बाबा गाडीच्या कठड्याला धरून चालत होते. ते थांबले, ताठ उभे राहिले आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाले,

"नवस नाही, बाई. माणूस आहे. माझ्या मुलीने केलाय. अख्खा."